जेवायला बसलो की कुत्रा मागतो, भुंकतो आणि आता हिसकावतोही, काय करावे?

धागाकर्ती

आमच्याकडे साडेचार वर्षांचा, मिश्र जातीचा, नसबंदी झालेला कुत्रा आहे. खंड्या त्याचे नाव. एरवी त्याच्याविषयी तक्रारीला जागा नाही. तो पट्टा न ओढता चालतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारत नाही आणि एकटा राहिला तरी सामानाची नासधूस करत नाही. आम्ही जेवायला बसलो की मात्र हाच कुत्रा ओळखू येत नाही. पिल्लू असताना तो खुर्चीशेजारी बसून नुसता टक लावून पाहायचा, आणि त्या पाहण्याचे आम्हा सगळ्यांना कौतुक होते, हे आधीच कबूल करते. पुढे तो नाकाने कोपराला ढोसू लागला, मग मांडीवर पाय ठेवू लागला, गेल्या वर्षी भुंकू लागला, आणि आता टेबलाच्या कडेवर पुढचे दोन्ही पाय टेकवून ताटापर्यंत तोंड नेण्याइतकी त्याची मजल गेली आहे.

घरात आम्ही चौघे आहोत आणि चौघांची चार धोरणे आहेत. माझे यजमान ओरडतात. मी त्याला शेजारच्या खोलीत घालते. तिथे तो दार ओरबाडत भुंकत राहतो आणि दहा-बारा मिनिटांनी कोणाचे तरी कान किटले की दार उघडले जाते. सहा वर्षांच्या मुलीच्या हातून निम्मे अन्न खाली सांडते. सासरे, म्हणजे आमचे बाबा, टेबलाखालून हळूच घास देतात आणि मी पाहिले की म्हणतात, "मुक्या जीवाला एक घास दिला तर काय बिघडते?"

आता लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या आठवड्यात मुलीच्या हातून एक तुकडा पडला, खंड्याने त्यावर झडप घातली, आणि ती तो उचलायला वाकली तेव्हा तो तिच्यावर गुरगुरला. चावला नाही, परंतु मला त्या रात्री झोप आली नाही. शिवाय दीड वर्षात त्याचे वजन २० किलोवरून साडेतेवीस किलोवर गेले आहे. या वयात ही सवय मोडता येते का, जेवताना त्याला खोलीत बंद करणे योग्य की अयोग्य, त्याला आपल्या आधी खायला द्यावे की नंतर (घरातल्यांनी आधी खाल्ले की कुत्र्याला आपली पायरी कळते, असे काही जण सांगतात), आणि बाबांना न दुखवता हे कसे समजवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

वय आड येत नाही, ही चांगली बातमी. तुमच्या कुत्र्याला शिकता येत नाही असे मुळीच नाही. उलट, तुम्ही लिहिलेला क्रम पाहिला तर तो फार उत्तम शिकला आहे. आधी पाहून मिळत होते. तुम्ही पाहण्याला दाद देईनासे झालात, तेव्हा त्याने ढोसून पाहिले आणि मिळाले. ढोसण्याकडे दुर्लक्ष केलेत, तेव्हा पाय ठेवून मिळाले. आणि अशा रीतीने प्रत्येक वेळी आपण हट्टाची किंमत थोडी वाढवून शेवटी माल दिलाच. खोलीच्या दाराचेही तेच झाले आहे. तुम्हाला वाटते की तुम्ही त्याला दहा मिनिटे बाहेर ठेवलेत, त्याला कळले आहे की दहा मिनिटे भुंकले की दार उघडते.

यात बाबांचा अधूनमधून मिळणारा घास सर्वांत चिवट परिणाम करतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरे व उंदीर यांच्यावर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले होते, की दर वेळी बक्षीस मिळणारी कृती बक्षीस थांबताच तुलनेने लवकर बंद पडते, परंतु कधी मिळते, कधी मिळत नाही अशा रीतीने जोपासलेली कृती बक्षीस बंद झाल्यावरही दीर्घकाळ चालू राहते. म्हणजे "आम्ही क्वचितच देतो" हे वाक्य बचावाचे वाटले तरी ते खरे तर रोगाचे वर्णन आहे. शिवाय, मिळणे एकदम बंद झाले की मागणे कमी होण्याआधी काही दिवस वाढते: अधिक मोठ्याने भुंकणे, अधिक वेळा पाय टाकणे. बहुतेक घरे नेमक्या याच दिवसांत हार मानतात आणि कुत्र्याला सर्वांत मोठ्या आवाजाचे बक्षीस देऊन बसतात.

म्हणूनच चार माणसांच्या घराला केवळ "दुर्लक्ष करा" असा सल्ला देणे मला पटत नाही. त्याने काय करू नये हे सांगण्यापेक्षा त्या वेळात त्याने काय करावे हे ठरवून द्या. टेबलापासून दोन-अडीच मीटरवर, त्याला तुम्ही दिसाल अशा जागी एक चटई टाका आणि जेवणाच्या वेळा सोडून, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे, फक्त त्या चटईचे शिक्षण द्या. सुरुवातीला तो चटईवर गेला की खाद्याचा एक दाणा चटईवरच, त्याच्या पुढच्या पायांमध्ये ठेवायचा. आडवा झाला की आणखी एक. आणि तो उठण्याआधीच तिसरा. पहिले काही दिवस तीन-चार सेकंदांनी दाणा पडला तरी चालेल, पुढे अर्ध्या मिनिटाने, मग एका मिनिटाने. उठायची परवानगी देणारा एकच शब्द ठरवा आणि तो घरातल्या सर्वांनी तसाच वापरावा. हे दाणे त्याच्या रोजच्या मापातूनच काढायचे आहेत, वरून द्यायचे नाहीत.

यानंतर टेबलाकडे वळताना लोक घाई करतात आणि तिथेच फसतात. रिकाम्या टेबलाशी एक माणूस नुसता बसला आहे, ही पहिली पायरी. पुढे समोर रिकामे ताट, मग ताटात काहीतरी, मग एकजण प्रत्यक्ष जेवतो आहे आणि दुसरा केवळ कुत्र्याकडे लक्ष देतो आहे, आणि सर्वांत शेवटी संपूर्ण कुटुंब. तो चटईवरून उठला तर ओरडू नका. काही न बोलता त्याला परत चटईवर न्या. सलग दोनदा उठला तर पायरी उंच झाली असे समजून एक पायरी खाली या. बक्षीस नेहमी चटईवर पोहोचवायचे, टेबलावरच्या हातातून कधीही नाही, कारण त्याला शिकायचे आहे ते एवढेच की अन्न चटईवर प्रकट होते आणि टेबलापाशी होत नाही.

हे सगळे पक्के होईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, रोजच्या जेवणाचे काय? इथे तुमच्या खोलीच्या प्रश्नाचे उत्तर येते. भुंकल्यावर शिक्षा म्हणून बंद केले तर ते निरुपयोगी आहे. पाने वाढण्याआधी, तो शांत असताना, चघळायला किंवा चाटायला काही देऊन नेले तर ते उत्तम आहे. आत खाद्य भरलेली रबरी खेळणी यासाठी फार उपयोगी पडतात. दार बंद केल्यावर त्याचा जीव कासावीस होत असेल, तर दाराऐवजी लहान मुलांसाठी लावतात तसे आडवे फाटक लावावे, म्हणजे तुम्ही त्याला दिसत राहाल. दार उघडायचे ते दोन क्षण शांतता झाल्यावरच.

आधी खावे की नंतर, याने त्याची पायरी ठरत नाही. ही समजूत बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवरून, विशेषतः १९४७ साली प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांवरून, पुढे कुत्र्यांवर लादली गेली. निसर्गातला लांडग्यांचा कळप बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंबच असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली सविस्तर मांडले. सोयीचा विचार केला तर त्याला तुमच्या अर्धा तास आधी खाऊ घाला. भरल्या पोटाचा विद्यार्थी जरा कमी उतावीळ असतो. मात्र पोट भरले म्हणून मागणे थांबेल, अशी आशा धरू नका.

आमच्या कुत्रीला हे सर्व जमायला सात आठवडे लागले. त्यांतले चार माझ्यासाठी होते.

प्रतिसाद २

मी केवळ बाबांविषयी लिहिते, कारण आमच्याकडे ही भूमिका माझ्या आईकडे होती. आम्ही तिला समजावले, चिडलो, वजनकाट्यावरचे आकडे दाखवले. प्रत्येक वेळी ती मान डोलावून "बरं" म्हणाली आणि प्रत्येक संध्याकाळी तिचा हात टेबलाखाली गेला. शेवटी लक्षात आले, की आम्ही तिच्याकडून काहीतरी काढून घेत होतो आणि त्या बदल्यात काहीच देत नव्हतो. दिवसभरात तिच्याकडे पूर्ण लक्ष देऊन पाहणारा तो एकच जीव होता.

मग आम्ही तिला कामच दिले. सकाळी कुत्र्याच्या दिवसाच्या मापातले दाणे एका डब्यात काढून तो डबा तिच्या ताब्यात द्यायचा, आणि सर्वांची जेवणे होऊन टेबल पुसून झाले की तिने उठून चटईपाशी जायचे व तिथे त्याला द्यायचे. चटईवर शांत बसला तरच द्यायचे, हा नियमही तिचाच. त्यामुळे आठवड्याभरात ती आम्हालाच दटावू लागली की मध्ये त्याच्याशी बोलू नका. तुमच्या बाबांना मनाई करण्याऐवजी हे खाते त्यांच्याकडे सोपवून पाहा.

आणि त्या नजरेपुढे विरघळतात म्हणून त्यांना फार बोल लावू नका. कुत्र्याच्या भुवईची आतली बाजू वर उचलणारा स्नायू लांडग्यात जेमतेम असतो आणि कुत्र्यात चांगला विकसित झालेला असतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शरीररचनेच्या तुलनेत आढळले होते. हजारो वर्षे माणसाजवळ राहून त्याने हे हत्यार कमावले आहे. कुत्रा आपल्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाकडे अधिक मागतो, हेही प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे बाबांची खुर्ची चटईकडे पाठ होईल अशी फिरवली तर निम्मा मोह तिथेच कमी होईल.

प्रतिसाद ३

मी पशुवैद्य आहे, आणि वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत असले तरी माझ्या मते तुम्ही सांगितलेला गुरगुरण्याचा मुद्दा पहिला असायला हवा. भुंकणे आणि टेबलावर पाय टाकणे हा शिस्तीचा प्रश्न आहे. मुलीवर गुरगुरणे हा सुरक्षिततेचा. उद्याच्या जेवणापासून, चटईचे शिक्षण कुठवर आले आहे याचा विचार न करता, मूल जेवत असताना कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये फाटक किंवा दार असलेच पाहिजे, आणि खाली सांडलेले मोठ्या माणसाने उचलून पुसून घेतल्यानंतरच ते उघडले पाहिजे. मुलीला एकच नियम शिकवा: पडलेले आपले नाही, वाकायचे नाही, मोठ्यांना हाक मारायची. सहा वर्षांच्या मुलाला हा नियम कळतो, परंतु पाळला जाईलच असे नाही, म्हणून फाटकाला पर्याय नाही.

गुरगुरल्याबद्दल त्याला शिक्षा मात्र करू नका. गुरगुरणे ही त्याने दिलेली पूर्वसूचना आहे; ती दडपली तर अन्न गमावण्याची भीती तशीच राहते, फक्त सूचना देणे बंद होते, आणि मग "अचानक चावला" असे सांगत लोक आमच्याकडे येतात. त्याच्या तोंडातले हिसकावून घेणे, खाताना भांड्यात मुद्दाम हात घालून "सवय करणे", हे दोन्ही प्रकार भीती वाढवणारे आहेत. तो खात असताना मोठ्या माणसाने दुरून जाता जाता त्याच्या दिशेने काहीतरी अधिक चवदार टाकावे आणि न थांबता पुढे जावे. माणूस जवळ आला म्हणजे जाते असे नाही, तर येते, हे त्याला कळू द्यावे. हा सराव मुलीकडून करवून घेऊ नका. खाताना तो जागीच ताठ होत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल किंवा दात लावण्याचा प्रयत्न करत असेल, तर धाग्यावरच्या सल्ल्यांवर न थांबता वर्तनाचे प्रशिक्षण घेतलेल्या पशुवैद्याला प्रत्यक्ष दाखवा.

आता बाबांच्या प्रश्नाविषयी, कारण "एक घास दिला तर काय बिघडते" याला खरे उत्तर आहे. २० किलो वजन योग्य असलेल्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १,००० ते १,०५० किलोकॅलरी पुरतात, आणि मुख्य खाद्याव्यतिरिक्तचे सगळे मिळून त्यातला दहावा भाग, म्हणजे शंभराच्या आसपास किलोकॅलरी, एवढीच मुभा असते. चार माणसांच्या चार स्निग्ध घासांत ती सहज संपते. ४८ लॅब्राडोरांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्या जोडीदार भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाद्य मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे. हा आकडा बाबांना दाखवा. लाड करणाऱ्या माणसाला कॅलरीपेक्षा वर्षे लवकर समजतात.

काय दिले जाते हेही महत्त्वाचे आहे. द्राक्षे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे एकही देऊ नये. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला किंवा पूड केलेला, कोणत्याही रूपात तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात, म्हणून घरच्यांना दोन्हींचा संबंध लागत नाही. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, आणि चॉकलेट जितके कडू तितके ते अधिक असते. साखरेऐवजी पदार्थांत घातले जाणारे झायलिटॉल कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम इतके पोटात गेले तरी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि तेही बहुधा तासाभराच्या आत; यांपैकी काही खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता फोन करावा. शिजवलेली हाडे अणकुचीदार तुकडे होऊन आतड्यात रुततात. तेलातुपाचा मोठा घास स्वादुपिंडाला सूज आणू शकतो.

एक तपासणीही करून घ्या. भूक हळूहळू वाढत आली असेल तर ती बहुधा सवय असते; परंतु अलीकडेच एकदम वाढली असेल, त्याच्या जोडीला पाणी पिणे व लघवी वाढली असेल, किंवा त्याला स्टेरॉइड अथवा फिट्सचे औषध चालू असेल, तर दोष शिस्तीचा नाही. मधुमेह आणि कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे) या दोन्ही आजारांत कुत्रे असेच वखवखल्यासारखे वागतात. त्याच्या रक्तात लॅब्राडोरचा वाटा असेल तर आणखी एक शक्यता आहे: सुमारे चतुर्थांश लॅब्राडोरांत पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतील एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, हे २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले. अशा कुत्र्याचे मागणे नाटक नसते, त्याला खरोखर अधिक भूक लागते; शिस्त त्यालाही लागते, परंतु त्याच्यावर रागावण्यात अर्थ उरत नाही.

प्रतिसाद ४

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या कुत्र्याला आम्ही आमच्या अन्नातले, त्याला चालेल तेवढे, रोज देतो, आणि तो टेबलाजवळ फिरकतही नाही. कारण इतकेच की ते गेली सात वर्षे नेहमी त्याच्याच भांड्यात, भांडी घासायला ठेवताना मिळाले आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून एकदाही नाही. त्याचे मागणे भांडी घासायच्या जागेशी सुरू होते, तिथे मात्र तो अगदी शेपटी हलवत हजर असतो. तात्पर्य, माणसांचे अन्न मिळाल्याने कुत्रा मागायला शिकतो असे सरसकट म्हणू नये. ते जिथे मिळते तिथे तो मागायला शिकतो. बाबांना काहीच देऊ नका म्हणण्यापेक्षा ही जागा बदलणे मला अधिक सोपे वाटते.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. फाटक दुसऱ्याच दिवशी लावले. रक्त आणि लघवी तपासली, आजार काही निघाला नाही. पाचव्या ते नवव्या दिवसापर्यंत त्याने इतका गोंधळ घातला की प्रतिसाद १ आधी वाचला नसता तर आम्ही नक्कीच माघार घेतली असती. दहाव्या दिवशी तो फाटकापलीकडे आडवा पडून खेळणे चाटत होता. चटईवर आता एकजण जेवत असताना तो पंधरा मिनिटे टिकतो, सगळे बसले की सात-आठ मिनिटांनी उठतो. वजन २२.८ किलो झाले आहे. डबा बाबांकडे आहे आणि त्यांनी चटईला स्वतःच "खंड्याची कचेरी" असे नाव दिले आहे. त्यांचा हात टेबलाखाली दोनदा गेला, दोन्ही वेळा मुलीने ओरडून सांगितले. गुरगुरणे पुन्हा झाले नाही, पण तशी संधीही आम्ही दिलेली नाही.

एक अडचण राहिली आहे. गेल्या रविवारी घरी सहाजण जेवायला होते, त्यांतल्या एका पाहुण्यांनी "बिचारा" म्हणत त्याला हाक मारून घास दिला, आणि पुढचे तीन दिवस पुन्हा भुंकणे सुरू झाले. पाहुण्यांना किती वेळा आणि किती कठोरपणे सांगावे?

प्रतिसाद १ (पुन्हा)

पाहुण्यांना शिकवायला जाऊ नका, तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. पाच आठवड्यांत तुम्ही बरेच कमावले आहे; ते सहा जणांच्या चांगुलपणावर पणाला लावू नका. पाहुणे येतील त्या दिवशी चटईची परीक्षा घ्यायचीच नाही. त्याला आधी लांब फिरवून आणा आणि पाने वाढण्यापूर्वी भरलेले खेळणे देऊन फाटकापलीकडे न्या. फाटकावरून घास देणारेही महाभाग असतात, तेव्हा त्या दिवशी सरळ दारच लावा. पाहुणे गेल्यावर, टेबल पुसून झाले की, बाबांना डबा घेऊन कचेरीत जाऊ द्या.